बंद पडलेली होडी ओढून नेताना

जून 2011 मध्ये ‘विस्डम’ नावाचे एक जुने मालवाहू जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतले, ते दृश्य अनेक मुंबईकरांना अजून आठवत असेल. कोलंबोहून गुजरातेतील अलंगच्या जहाजतोडणी केंद्राकडे ते ओढून नेले जात होते. पावसाळी समुद्रात ओढणारा दोर तुटला आणि माणूस नसलेले ते धूड वाऱ्याच्या व लाटांच्या मर्जीने मुंबईच्या किनाऱ्याकडे सरकू लागले. वांद्रे-वरळी सागरी सेतूला त्याची धडक बसते की काय, या भीतीने यंत्रणांची झोप उडाली. सुदैवाने तसे झाले नाही. पुढचे काही आठवडे जुहूला बघ्यांची जत्रा भरली आणि मग भरतीची वेळ साधून जहाज पुन्हा खोल पाण्यात नेण्यात आले. या सर्व गदारोळाचे मूळ एका तुटलेल्या दोरात होते.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत निदान टगबोटी, जाणते खलाशी आणि कागदोपत्री करार तरी असतात. हौसेने समुद्रात नेलेल्या छोट्या होडीपाशी यातले काहीच नसते. गेट वे, मांडवा, अलिबाग, मुरूड, मालवण, पणजी अशा ठिकाणी गेल्या काही वर्षांत खासगी मोटारबोटी, शिडाच्या होड्या आणि जेट स्की यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. त्यांपैकी एखादी भरसमुद्रात बंद पडणे ही फार मोठी गोष्ट नव्हे. इंधन संपते, बॅटरी उतरते, पंख्यात मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा गुरफटतो, इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी ओढून घेणारे तोंड प्लास्टिकच्या पिशवीने बुजते. (मुंबईच्या पाण्यात हे शेवटचे कारण विशेष लक्षात ठेवण्याजोगे.) मग जवळून जाणारी दुसरी होडी थांबते, कोणीतरी ‘दोर टाका’ म्हणून ओरडते आणि पाच मिनिटांत वरात निघते. खरा धोका बहुधा याच क्षणी सुरू होतो. बंद पडलेली होडी ही गैरसोय असते. घाईने बांधलेला दोर तिचे संकटात रूपांतर करू शकतो.

शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर ‘टोइंग’ म्हटले की वाहतूक पोलिसांची क्रेन येते. ती उपमा येथे निरुपयोगी आहे. रस्त्यावर मोटार ओढणारा थांबला की मागची मोटारही ब्रेक लावून थांबते. पाण्यावर ब्रेक नाहीत. पुढची होडी थांबली तरी चार टनांची मागची होडी आपल्या वेगाने पुढे येतच राहते. शिवाय दोन्ही होड्यांखालचा ‘रस्ता’ स्वतःही हलत असतो.

दोराआधी नांगर

इंजिन बंद पडताच पहिले काम इंजिन उघडण्याचे नव्हे. होडीवरील प्रत्येकाने, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा, जीवरक्षक जाकीट अंगात घालावे आणि त्याचे पट्टे आवळावेत. दुसरे काम नांगर टाकण्याचे. मुंबई बंदराच्या परिसरात उधाणाच्या भरती-ओहोटीचा प्रवाह दोन नॉटच्या आसपास सहज जातो. म्हणजे इंजिनाशी झटापट करण्यात अर्धा तास गेला, तर होडी जवळजवळ एक सागरी मैल, अर्थात पावणेदोन किलोमीटरहून अधिक, वाहून गेलेली असते. कुलाब्याच्या टोकापलीकडचे प्रॉन्ग्जचे खडक किंवा थळजवळचा खडकाळ पट्टा जवळ असेल, तर हा अर्धा तास परवडणारा नाही.

नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट सोडावा लागतो, आणि ही खोली भरतीच्या वेळची धरायची असते. मुंबईत उधाणाला ओहोटी व भरतीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. ओहोटीला चार मीटर पाण्यात बेताच्या दोरावर टाकलेला नांगर सहा तासांनी तळ सोडून निघतो, तो यामुळेच.

होडी एका जागी थांबली की विचाराला सवड मिळते. मदत मागताना परिस्थितीचे नेमके वर्णन करावे. व्हीएचएफ संच असल्यास 16 क्रमांकाची वाहिनी ही संकट व संपर्कासाठी जगभर ठरलेली आहे. जीव धोक्यात असेल तर ‘मेडे’, आणि तातडीची अडचण असली तरी जिवावरचे संकट नसेल तर ‘पॅन-पॅन’, असे संकेत तीनदा उच्चारले जातात. भारतीय तटरक्षक दलाचा 1554 हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. किनाऱ्यापासून काही अंतरावर गेल्यावर मोबाइलचा भरवसा धरता येत नाही, म्हणून स्थान सांगण्याचे काम आधी उरकावे, कारणमीमांसा नंतर.

ओढावे की ओढू नये

संकटातील माणसांना मदत करणे हे समुद्रावरील प्रत्येक तांडेलाचे कर्तव्य आहे. आंतरराष्ट्रीय कायदाही तेच सांगतो. स्वतःचे जहाज व त्यावरील माणसे धोक्यात येणार नसतील एवढीच त्याची अट. मात्र हे कर्तव्य माणसांपुरते आहे. होडी ओढून देण्याचे बंधन कोणावर नाही. हा भेद बारीक वाटला तरी मोलाचा आहे. हवा बिघडलेली असेल, आपले इंजिन तोकडे असेल, दोर जुनाट असेल, तर माणसे उतरवून घ्यावीत आणि होडी नांगरावर सोडून यावी. माणसे उतरवून घेणेही मोठ्या लाटांत धोक्याचे असते. त्या वेळी जवळ थांबून राहणे व तटरक्षक दलाची वाट पाहणे हीच मदत ठरते.

दोन प्रकारच्या होड्या तर मुळीच ओढू नयेत. एक, जिच्यात पाणी शिरते आहे आणि उपसूनही कमी होत नाही. ओढताना अशा होडीचे तोंड लाटांत घुसते, पाणी अधिक वेगाने भरते आणि बुडताना ती ओढणाऱ्यालाही मागे खेचते. दुसरी, खडकावर किंवा वाळूत रुतलेली. तिचा तळ फाटला आहे काय हे पाहिल्याशिवाय तिला खेचून खोल पाण्यात नेणे म्हणजे बुडवण्यासाठीच नेणे. आपल्याकडे समुद्र दिवसातून दोनदा फुकट उचलून देतो. भरतीची वाट पाहण्यात कमीपणा नाही.

दोर कोणता

ओढण्यासाठी नायलॉनचा दोर उत्तम, कारण तो ताणला जातो. तुटण्यापूर्वी तो मूळ लांबीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाने लांब होऊ शकतो आणि लाटांचे हिसके स्वतःत जिरवतो. पॉलिएस्टरचा दोर त्याहून ताठर असतो. शर्यतीच्या शिडांसाठी वापरले जाणारे अतिबळकट आधुनिक दोर जवळजवळ ताणले जातच नाहीत; त्यांचा हिसका थेट होडीच्या फळीला बसतो. मच्छीमार बंदरांवर सर्वत्र दिसणारा निळा-हिरवा पॉलिप्रोपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, स्वस्त असतो, पण उन्हाने लवकर कुजतो. वरून ठीक दिसणारा असा दोर हातात पिळून पाहावा. भुसा पडू लागला तर त्यावर कोणाचाही जीव टांगू नये.

मात्र नायलॉनचा हाच गुण त्याचा दोषही आहे. ताणलेल्या दोरात साठलेली शक्ती तो तुटताक्षणी मोकळी होते आणि दोराची टोके चाबकासारखी मागे उसळतात. दोर सुटला नाही, पण ज्या लोखंडी खुंटीला तो बांधला होता तीच उखडली, तर ती गोळीसारखी येते. अशा फटक्याने हातपाय मोडल्याची आणि माणसे दगावल्याची उदाहरणे जगभरच्या बंदरांत आहेत. म्हणून दोरावर ताण आला की त्याच्या रेषेत, पुढे वा मागे, कोणीही उभे राहू नये. छायाचित्रे काढण्यासाठी तर मुळीच नाही. ताणलेल्या दोराला हात लावणे, त्याच्या वेटोळ्यात पाय ठेवणे, मनगटाला दोर गुंडाळून धरणे या गोष्टी बोटे गमावण्याच्या खात्रीच्या वाटा आहेत.

गाठ मारली की दोराची ताकद साधारण तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही घटते, हेही ध्यानात असावे. काठावर किंवा धातूच्या कोपऱ्यावर दोर घासत असेल तेथे जुने फडके, चामडे किंवा फाडलेल्या रबरी नळीचा तुकडा गुंडाळावा. तासभराच्या घर्षणात चांगला दोर अर्धा कापला जातो आणि हे अंधारात कोणाच्या लक्षातही येत नाही.

बांधायचे कोठे

या एका प्रश्नात अर्ध्याहून अधिक अपघात दडलेले आहेत. होडीवर दोर बांधण्यासारखे जे जे दिसते ते ते ओढण्यासाठी केलेले नसते. कडेचा चकचकीत कठडा माणसाने तोल सावरण्यासाठी धरायचा असतो. धक्क्याला होडी बांधण्याची छोटी खुंटी, जिला क्लीट म्हणतात, ती पुष्कळदा केवळ स्क्रूंनी फायबरमध्ये बसवलेली असते. खाली बळकटीची पट्टी आणि आरपार बोल्ट नसतील तर ती हिसक्यासरशी निघून येते.

छोट्या मोटारबोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, पाण्यापासून थोड्याच उंचीवर एक जाड कडी असते. ट्रेलरवर चढवताना होडी तिनेच ओढतात. ओढून नेण्यासही तीच सर्वांत योग्य, कारण ती आरपार बसवलेली असते आणि खालून ओढ बसल्याने होडीचे तोंड वर राहते. शिडाच्या होडीत डोलकाठी तळापर्यंत गेलेली असेल तर तिच्या बुंध्याचा आधार घेता येतो. ती नुसती वरच्या छतावर टेकवलेली असेल तर नाही. खात्री नसेल तेथे दोर दोन-तीन जागी विभागून बांधावा, म्हणजे भार वाटला जातो.

ओढणाऱ्या होडीवरची जागा त्याहून महत्त्वाची. दोर अगदी पिछाडीच्या टोकाला एका कोपऱ्यात बांधला, की होडीची शेपूट जखडली जाते. सुकाणू फिरवूनही ती वळत नाही. त्यातच मागची होडी एका बाजूला भरकटली आणि दोराची ओढ कुशीवर आली, तर ओढणारी होडीच कलंडते. जगभरात कित्येक टगबोटी अशाच उलटल्या आहेत आणि त्या पाहता पाहता उलटतात. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. म्हणून खऱ्या टगबोटीत ओढीचा आकडा सुकाण्याच्या बराच पुढे, होडीच्या मध्याकडे असतो. साध्या मोटारबोटीत तशी सोय नसल्यामुळे पिछाडीच्या दोन्ही कोपऱ्यांना दोराची टोके बांधून मधोमध मुख्य दोर अडकवतात. खलाशांच्या भाषेत याला ब्रायडल म्हणतात. घोड्याच्या लगामाचेच हे रूप. याने ओढ मध्यावर राहते.

मागच्या होडीकडे दोर पक्का बांधला तरी चालेल, परंतु ओढणाऱ्याकडे तो ताण असतानाही सोडता आला पाहिजे. घट्ट बसलेली गाठ भाराखाली सुटत नाही. खुंटीवर आठाच्या आकाराचे वेढे घेऊन दोर धरावा आणि धारदार सुरी किंवा कोयता हाताशी ठेवावा. कोयता पेटीत असेल तर तो नसल्यासारखाच.

जवळ जाताना, ओढताना

मदतीला आलेल्याने सरळ जाऊन भिडू नये. काही अंतरावर थांबून वाऱ्याने कोणती होडी अधिक वेगाने वाहते आहे ते एक-दोन मिनिटे पाहावे. बहुतेक वेळा वाऱ्याच्या खालच्या बाजूने, वाऱ्याला तोंड देत सावकाश जाणे हिताचे असते, कारण त्या स्थितीत वेग ताब्यात राहतो. जाड दोर फेकता येत नाही. आधी बारीक दोरी फेकून तिच्या मागे जाड दोर ओढून घ्यावा. समुद्र खवळलेला असेल तर बारीक दोरीला रिकामे कॅन बांधून वाऱ्याबरोबर वाहत सोडले तरी काम होते. दोर पाण्यात असेपर्यंत पंखा फिरवू नये. दोन्ही होड्या एकाच दोरात पंखे अडकवून बसल्या तर तिसरीला बोलवावे लागते, आणि असे घडते.

निघताना इंजिन अगदी मंद ठेवून दोराची सैल हळूहळू काढून घ्यावी. एकदम दिलेला वेग हाच दोर तोडणारा पहिला हिसका असतो. यापुढचा वेग किती असावा? पाण्याला चिकटून चालणाऱ्या होडीची वेगमर्यादा तिच्या पाण्यालगतच्या लांबीवर ठरते. पंचवीस फूट लांबीला ती साधारण 6.7 नॉट येते. त्यापुढे ओढायला गेले की इंधन आणि ताण दोन्ही भरमसाट वाढतात, वेग मात्र वाढत नाही. प्रत्यक्षात तीन ते चार नॉट पुरे. वेग दुप्पट झाला की हिसक्यातली ऊर्जा चौपट होते. मांडवा ते गेट वे हे सरळ अंतर साडेसात सागरी मैलांच्या आसपास आहे. चार नॉटने दोन तास लागतील. लागू द्यावेत. जेट स्की ओढताना तर अधिकच सबुरी हवी. बंद इंजिनात पाणी रेटले जाण्याची भीती असल्यामुळे काही उत्पादकांच्या पुस्तिकांत ताशी आठ किलोमीटरची मर्यादा दिलेली असते.

या कामात अश्वशक्तीपेक्षा सावकाशपणाला किंमत आहे, हे आपल्या दर्यावर्दी पूर्वजांना ठाऊक होते. कान्होजी आंग्रे यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या आरमारात वारा पडला की वल्ह्यांची हलकी गलबते आपल्याहून कितीतरी अवजड गुराबांना दोराने ओढून शत्रूच्या मागावर नेत. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने हे तंत्र नोंदवून ठेवले आहे. चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या बळावर हे होत असे ते संथ पाण्यात, एकसारख्या ओढीने. असो.

मोकळ्या समुद्रात दोर लांब हवा. होडीच्या लांबीच्या आठ-दहा पट ठेवल्यास चांगले. लांब दोर मध्ये झोळीसारखा पाण्यात लोंबतो आणि ती झोळीच स्प्रिंगचे काम करते. तेवढे पुरत नसेल तर नांगराची साखळी मध्ये जोडून वजन वाढवता येते. त्याहून नाजूक गोष्ट लाटांची. पुढची होडी लाटेच्या माथ्यावर आणि मागची उतारावर असेल तर एकदा दोर सैल पडतो, एकदा कडाडून ताणला जातो. दोन्ही होड्या एकाच वेळी माथ्यावर आणि एकाच वेळी खळग्यात येतील एवढा दोर सोडावा अथवा आवरावा. हे गणिताने नव्हे, पाहून जमते. आणि लाटा बदलल्या की पुन्हा करावे लागते.

मागच्या होडीवर जाणत्या माणसाने सुकाणू धरून पुढच्या होडीच्या पिछाडीवर नेम ठेवावा. बाहेरचे इंजिन वर उचलावे, शिडे उतरवावीत, झडपा व खिडक्या बंद कराव्यात. माणसे व सामान थोडे मागे सरकवावे, म्हणजे नाळ हलकी राहते. तरीही होडी डावी-उजवीकडे झोकांड्या खात असेल तर पिछाडीवरून बादली किंवा दोराचे वेटोळे पाण्यात सोडावे. त्या ओझ्याने ती सरळ येते. पुढच्या होडीवर एका माणसाने केवळ मागे पाहत बसावे, दुसरे काम करू नये. थांबा, सावकाश, दोर सोडतो आहे, अशा तीन-चार खुणा आधीच ठरवाव्यात. वाऱ्यात ओरडलेले ऐकू येत नाही.

रात्री धोका दुसरा. दोन होड्या लांबून सुट्या दिसतात आणि मधला दोर दिसत नाही. वेगाने येणारी तिसरी होडी मधून जाऊ पाहते. टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, यांत्रिक नौका मागे दुसरीला ओढत असेल तर तिने पुढे एकावर एक दोन पांढरे दिवे, ओढीची एकूण लांबी दोनशे मीटरहून अधिक झाल्यास तीन, आणि मागच्या पांढऱ्या दिव्यावर एक पिवळा दिवा लावायचा असतो. हौशी होडीवर हे दिवे नसतात, हे गृहीत धरून नियमांनी एक सवलत दिली आहे. एरवी ओढण्याचे काम न करणाऱ्या नौकेला संकटातील नौका ओढताना ते दिवे लावणे शक्य नसेल, तर दोघींमधला संबंध दाखवण्यासाठी शक्य ते सर्व करावे, विशेषतः दोरावर प्रकाश टाकावा. साधी विजेरी येथे कायदा पाळते. दिवसा हेच काम हात हलवून करावे लागते, आणि रविवारी मांडव्याच्या वाटेवर ते वारंवार करावे लागते.

मोबदल्याचा प्रश्न

ओढणावळीचे पैसे द्यायचे असतील तर किती, हे दोर घेण्यापूर्वी ठरवावे आणि जमल्यास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. संकटातून मालमत्ता वाचवणे, म्हणजे साल्व्हेज, आणि ठरलेल्या मोलाने ओढून नेणे, म्हणजे टोएज, या समुद्री कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीवर व धोक्यावर मोबदला ठरू शकतो. दुसरीत जे ठरले तेवढेच. भारताच्या 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्यात दोन्ही दावे स्वतंत्रपणे नमूद आहेत. ब्रिटनमधील आरएनएलआय ही 1824 पासूनची स्वयंसेवी संस्था देणग्यांवर चालते व बचावाचे पैसे घेत नाही. अमेरिकेत वार्षिक वर्गणी घेऊन होड्या ओढून देणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्या किनाऱ्यावर हौशी नाविकाला पहिली मदत बहुधा कोळी बांधवांकडूनच मिळते. त्यांचा त्या दिवसाचा धंदा बुडालेला असतो, डिझेल जळालेले असते. त्यांनी न मागताही ते भरून द्यावे.

बंदरात शिरताना

प्रवासाचा शेवटचा अर्धा किलोमीटर सर्वांत अवघड. येथे लांब दोर उपयोगाचा नाही, कारण मागची होडी वळणावर इतर होड्यांवर जाऊन आदळेल. मोकळे पाणी असतानाच वेग हळूहळू कमी करून दोर आखूड करावा. पुढच्याने एकदम थांबू नये. मागची होडी येऊन पिछाडीवर चढते.

पाणी संथ असेल तर होडी कुशीला बांधून घेणे उत्तम. मध्ये फेंडर किंवा जुने टायर द्यावेत. येथे एक साधी गोष्ट हमखास चुकते. ओढणारी होडी दुसरीच्या बरोबरीने नव्हे, तर जरा मागे सरकवून बांधायची असते, इतकी की तिचा पंखा व सुकाणू दुसरीच्या पिछाडीच्याही मागे राहील. तरच दोन्ही होड्या एका सुकाण्यावर वळतात. पुढचा दोर, मागचा दोर आणि दोन तिरपे दोर, असे चारही ताठ बांधावेत. सैल ठेवल्यास दोघी एकमेकींवर आपटत राहतात. लाटा असतील तर हा प्रकार करूच नये. बाहेर नांगर टाकून दुसऱ्या होडीची किंवा उसंतीची वाट पाहावी. धक्क्याजवळ वाऱ्याला किंवा प्रवाहाला तोंड देऊन जावे, म्हणजे तोच ब्रेकचे काम करतो. दोन होड्यांच्या किंवा होडी व धक्क्याच्या फटीत हात-पाय घालून त्या अडवू पाहणारा कोणीतरी उत्साही दर वेळी निघतो. त्याला आधीच खाली बसवावे.

होडी धक्क्याला लागली, सर्वजण उतरले, की दोर गोड्या पाण्याने धुऊन उन्हाआड वाळवावा आणि हातभर हातभर तपासावा. एखाद्या जागी तो कडक झाला असेल, वितळल्यासारखा चकाकत असेल किंवा बारीक पडला असेल, तर तेवढा भाग कापून काढण्यात अर्थ नाही. तो दोर पुन्हा होडीवर चढवू नये.